थर्ड डिव्हिजन नॉर्थ, १९३५-३६: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लिश फुटबॉलच्या जुन्या विक्रमांची यादी चाळताना १३-४ असा एक निकाल सापडतो आणि वाचणारा तिथेच अडखळतो. मग तारीख, मग क्लबांची नावं, मग ‘ही कुठली लीग बुवा?’ हा प्रश्न. या हंगामाबद्दल सतत विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. तेव्हाचा हिशेब जिंकल्यास दोन गुण, बरोबरीस एक असा होता. आजच्या तीन गुणांच्या सवयीने तक्ता वाचू नका.

ही लीग म्हणजे नेमकं काय?

इंग्लंडच्या फुटबॉल लीगचा तिसरा, म्हणजे तेव्हाचा सर्वांत खालचा स्तर. १९२० साली सदर्न लीग या दक्षिणेकडच्या क्लबांच्या लीगचा वरचा विभाग जवळपास जसाच्या तसा उचलून थर्ड डिव्हिजन तयार केली गेली. साहजिकच उत्तरेकडच्यांनी कुरकुर केली, आणि पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, २० क्लबांची थर्ड डिव्हिजन नॉर्थ उभी राहिली. जुन्या गटाचं नाव मग थर्ड डिव्हिजन साउथ झालं. १९२३ पासून नॉर्थमध्येही २२ क्लब झाले. १९५८ मध्ये ही भौगोलिक विभागणी मोडून तिसरी आणि चौथी डिव्हिजन करण्यात आली, तोपर्यंत हीच व्यवस्था होती.

दोन विभाग करण्यामागचं कारण साधं होतं: रेल्वेचं भाडं. काही हजार प्रेक्षकांच्या गल्ल्यावर जगणाऱ्या क्लबाला दर पंधरवड्याला देशाच्या दुसऱ्या टोकाला संघ पाठवणं परवडणारं नव्हतं.

‘नॉर्थ’ म्हणजे कुठून कुठपर्यंत?

नावावर जाऊ नका, पसारा बराच सैल होता. त्या हंगामात ईशान्येकडून हार्टलपूल्स युनायटेड, डार्लिंग्टन आणि गेट्सहेड. स्कॉटलंडच्या सीमेजवळून कार्लाइल. समुद्रात घुसलेल्या एका टोकावरून बॅरो. लँकेशरमधून ओल्डहॅम, रॉचडेल, ॲक्रिंग्टन स्टॅनली आणि साउथपोर्ट. चेशरमधून चेस्टर, क्रू, स्टॉकपोर्ट, ट्रॅनमिअर रोव्हर्स आणि न्यू ब्रायटन. यॉर्कशरमधून यॉर्क सिटी, हॅलिफॅक्स आणि रॉदरहॅम. इथवर ‘उत्तर’ म्हणायला हरकत नाही. पण चेस्टरफिल्ड, मॅन्सफिल्ड, लिंकन आणि वॉल्सॉल हे मिडलँड्स भागातले, आणि रेक्सम तर इंग्लंडमध्येच नाही, वेल्समध्ये आहे.

त्यातही मर्सी नदीच्या मुखाशी गर्दी झाली होती. नदीच्या एका बाजूला एव्हर्टन आणि लिव्हरपूल, दोघेही फर्स्ट डिव्हिजनमध्ये. समोरच्या काठावर बर्कनहेडचा ट्रॅनमिअर आणि त्याच्या उत्तरेला, किनाऱ्यावरच्या सुट्टीच्या गावातला न्यू ब्रायटन. फेरीबोट होतीच, १९३४ मध्ये नदीखालचा बोगदाही सुरू झाला. शनिवारी दुपारी हातात एक शिलिंग असलेल्या माणसाला समोरच्या काठावर एव्हर्टनचा गोलवीर डिक्सी डीन बघायला मिळत असेल, तर त्याने न्यू ब्रायटनला का जावं? या प्रश्नाचं उत्तर न्यू ब्रायटनला कधी सापडलं नाही.

१९३५-३६ मध्ये जिंकलं कोण?

चेस्टरफिल्ड. ४२ सामने, २४ विजय, १२ बरोबरी, ६ पराभव, ९२ गोल केले, ३९ खाल्ले, गुण ६०. वाकड्या मनोऱ्याच्या चर्चसाठी प्रसिद्ध असलेलं हे डर्बीशरमधलं कोळसा खाणींच्या टापूतलं गाव. क्लबाचं टोपणनावही त्या मनोऱ्यावरूनच पडलं, ‘स्पायराइट्स’.

दुसरा चेस्टर, ५५ गुण. तिसरा ट्रॅनमिअर, तेही ५५. चौथा लिंकन सिटी, ५३. पाचवा स्टॉकपोर्ट, ४८. पुढे क्रू ४७ आणि ओल्डहॅम ४५.

पाच गुणांची आघाडी म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने अडीच विजयांची, आरामाचीच म्हणायची. आणि तरीही या हंगामातली कुठलीही गोष्ट सांगताना चेस्टरफिल्डचं नाव शेवटी येतं. ३९ गोल खाणं हा अख्ख्या विभागातला सर्वांत कमी आकडा. पण गोल न खाल्ल्याच्या कहाण्या कोण सांगतं?

१३-४ हा आकडा खरा आहे की छपाईची चूक?

खरा आहे. २६ डिसेंबर १९३५, गुरुवार. मैदान प्रेंटन पार्क, बर्कनहेड. ट्रॅनमिअर रोव्हर्स १३, ओल्डहॅम ॲथलेटिक ४. एका सामन्यात १७ गोल हा फुटबॉल लीगचा विक्रम आजही कायम आहे.

यातली खरी गंमत आदल्या दिवशीची आहे. त्या काळी नाताळच्या दिवशीही लीगचे सामने होत, आणि बरेचदा तेच दोन संघ २५ आणि २६ डिसेंबरला लागोपाठ भिडत, एकदा एकाच्या घरी आणि एकदा दुसऱ्याच्या. नाताळच्या दिवशी ओल्डहॅमच्या मैदानावर याच ट्रॅनमिअरला ओल्डहॅमने ४-१ असं हरवलं होतं. चोवीस तासांनी, साठ-सत्तर किलोमीटरवर, त्याच दोन क्लबांमध्ये १३-४.

याचं एकच एक कारण देता येत नाही, पण परिस्थिती डोळ्यांसमोर आणून बघा. डिसेंबरअखेरीचं मैदान, पाणी पिऊन जड होणारा दोरीने आवळलेला चामडी चेंडू, आदल्या दिवशीच्या नव्वद मिनिटांनी आंबलेले पाय. बदली खेळाडू हा प्रकारच नव्हता. कोणी लंगडायला लागला तर त्याला विंगवर उभं करायचं आणि उरलेल्या दहांनी भागवायचं. अशा सामन्यात एकदा बांध फुटला की थोपवायला कोणी नसतं. ओल्डहॅमनेही चार गोल केले, हे विसरू नका. चार गोल करून नऊच्या फरकाने हरणं ही साधी कामगिरी नव्हे.

आणखी एक गोष्ट. ओल्डहॅम म्हणजे कोणी किरकोळ मंडळी नव्हती. १९१४-१५ मध्ये हा क्लब फर्स्ट डिव्हिजनचा उपविजेता होता. १९३५ च्या उन्हाळ्यात तो पहिल्यांदाच तिसऱ्या स्तरावर उतरला आणि पहिल्याच नाताळात त्याच्या नावावर हे लागलं.

एका सामन्यात नऊ गोल करणारा बेल कोण?

रॉबर्ट बेल, सगळ्यांच्या तोंडी ‘बनी’ बेल. ट्रॅनमिअरचा सेंटर फॉरवर्ड. १३ पैकी ९ गोल त्याचे. एक पेनल्टीही मिळाली होती, ती त्याने हुकवली. नाहीतर तो दहावर गेला असता, आणि पुढे एप्रिलमध्ये जे घडलं त्याची धार थोडी बोथट झाली असती. त्या क्षणी मात्र नऊ हा फुटबॉल लीगमधला एका खेळाडूचा सर्वाधिक गोलांचा विक्रम होता. फक्त बारा दिवस आधी, १४ डिसेंबरला, आर्सेनलच्या टेड ड्रेकने ॲस्टन व्हिलाविरुद्ध सात गोल मारले होते आणि देशभर त्याचा गाजावाजा झाला होता. बेलच्या नऊ गोलांना तेवढा भाव मिळाला नाही. कुठे फर्स्ट डिव्हिजन आणि कुठे प्रेंटन पार्क!

त्या मोसमात बेलने लीगमध्ये एकूण ३३ गोल केले. १९३६ मध्येच तो नदीपलीकडे एव्हर्टनला गेला, जिथे त्याच्या जागेवर डिक्सी डीन होता. हा डीनही मूळचा बर्कनहेडचाच. १९२५ मध्ये ट्रॅनमिअरने त्याला ३,००० पौंडांना एव्हर्टनला विकलं आणि १९२७-२८ मध्ये त्याने लीगमध्ये ६० गोल केले. १९२८ मध्ये ‘पाँगो’ वेअरिंग ॲस्टन व्हिलाला विकला गेला. सेंटर फॉरवर्ड घडवायचा, विकायचा, त्या पैशांवर क्लब चालवायचा आणि पुढचा शोधायचा, हा ट्रॅनमिअरचा धंदाच होता असं म्हटलं तरी चालेल. मला तरी त्यात वाईट काही दिसत नाही. थर्ड डिव्हिजन नॉर्थमधल्या क्लबाला तगून राहायचं तर दुसरा मार्ग फारसा नव्हता.

चेस्टरने यॉर्कला १२-० हरवलं ते याच हंगामात का?

हो, १ फेब्रुवारी १९३६ रोजी, चेस्टरच्या सीलंड रोड मैदानावर. चेस्टरचा हा लीगमधला सर्वांत मोठा विजय आणि यॉर्क सिटीचा सर्वांत मोठा पराभव. म्हणजे पाच आठवडे आणि दोन दिवसांत एकाच विभागात एका संघाने १३ आणि दुसऱ्याने १२ गोल मारले. चेस्टर तेव्हा लीगमध्ये नवखाच होता. १९३१ मध्ये नेल्सन या क्लबाला बाहेर काढून त्याच्या जागी चेस्टरला घेतलं होतं. या मोसमात चेस्टरने बरोबर १०० गोल केले, विभागात सर्वाधिक. तरी दुसरा.

विभागाचा सर्वांत मोठ्या फरकाचा विजय मात्र याहून आधीचा आहे. ६ जानेवारी १९३४ रोजी स्टॉकपोर्टने हॅलिफॅक्सला १३-० असं झोडपलं होतं. तोही थर्ड डिव्हिजन नॉर्थमधलाच सामना.

जो पेनचे दहा गोल याच लीगमधले ना?

नाही. ही गफलत फार लोक करतात. हंगाम तोच, पण विभाग साउथ. १३ एप्रिल १९३६, ईस्टरचा सोमवार, ल्यूटन टाउन १२, ब्रिस्टल रोव्हर्स ०. पेन हा मुळात हाफबॅक, म्हणजे मधल्या फळीतला, तोही राखीव. फॉरवर्ड जायबंदी झाले म्हणून त्याला पुढे खेळवलं. पहिला गोल व्हायला वीसेक मिनिटं लागली, मग थांबलाच नाही. बेलचा विक्रम चार महिनेही टिकला नाही, पेनचा आजवर टिकून आहे.

उत्तरेशी याचं नातं मात्र आहे. पेन चेस्टरफिल्डजवळच्या ब्रिमिंग्टनचा. कोळशाच्या खाणीत काम केलेला आणि बोल्सोव्हर कोलियरीच्या संघातून वर आलेला. म्हणजे विजेत्या क्लबाच्या अंगणातला पोरगा दक्षिणेत जाऊन विक्रम करून बसला. आणि दहा गोलांच्या त्या विजयानंतरही ल्यूटन एका गुणाने मागेच राहिला. कॉव्हेंट्री ५७, ल्यूटन ५६.

पुढच्या वर्षी पेनने साउथमध्ये ५५ गोल केले. त्याच मोसमात नॉर्थमध्ये मॅन्सफिल्डच्या टेड हार्स्टननेही ५५. दोन्ही आकडे आपापल्या विभागाचे कायमचे विक्रम ठरले.

तेव्हा एवढे गोल व्हायचे कसे?

आधी आकडा बघू. या हंगामात विभागात ४६२ सामने झाले आणि १,५३३ गोल. म्हणजे सामन्यागणिक सरासरी ३.३. आजच्या मानाने जास्त, पण १३-४ वाचून वाटतं तितकं वेडंवाकडं नाही. बहुतेक शनिवारी निकाल २-१, १-१, ३-० असेच असत.

जास्तीच्या गोलांमागे मुख्य कारण १९२५ चा ऑफसाइडचा बदल. आधी पास मिळणाऱ्या खेळाडूच्या आणि गोललाइनच्या मध्ये प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू असावे लागत, ते दोनवर आलं. बचावाची जुनी युक्ती एका उन्हाळ्यात मोडीत निघाली. मोठ्या क्लबांनी सेंटर हाफला, म्हणजे मधल्या फळीतल्या मधल्या खेळाडूला, मागे ओढून तिसरा बचावपटू केलं आणि भोक बुजवलं. आर्सेनलने त्यातून साम्राज्यच उभारलं. खालच्या स्तरावरच्यांनीही नक्कल केली, पण त्या जागी लागणारा खंदा गडी प्रत्येकाकडे थोडाच असतो! ज्यांच्याकडे होता त्यांनी, म्हणजे चेस्टरफिल्डने, ३९ खाल्ले. नव्हता त्या न्यू ब्रायटनने १०२.

दुसऱ्या क्रमांकाला काय मिळायचं?

काही नाही. वर जाण्याची जागा एकच, ती विजेत्याची. प्ले-ऑफ वगैरे भानगड नव्हती. २२ संघांतून एक सेकंड डिव्हिजनला जायचा, साउथमधूनही एक जायचा, आणि तिकडून दोन खाली उतरायचे. ट्रॅनमिअर आणि चेस्टर दोघांनीही वर्षभर रक्त आटवलं, ५५-५५ गुण मिळवले आणि पुढच्या ऑगस्टला होते तिथेच राहिले.

माझ्या मते या लीगचा सगळा स्वभाव या एका नियमात आहे. वरचे तीन-चार संघ मार्चपर्यंत धडपडायचे. बाकीच्यांना फेब्रुवारीतच कळून चुकलेलं असायचं की आता मिळवायचंही काही नाही आणि, तळाचे दोघे सोडले तर, गमवायचंही काही नाही. तक्त्याचा मधला भाग याची साक्ष देतो. आठव्या क्रमांकाचा हार्टलपूल्स ४२ गुणांवर आणि एकोणिसाव्या क्रमांकाचा मॅन्सफिल्ड ३७ वर. पाच गुणांच्या अंतरात बारा क्लब! अशा वातावरणात दोन संघ मोकळे सुटले की असले निकाल लागतात.

या मधल्या मंडळींना काहीतरी खेळायला मिळावं म्हणून १९३३-३४ पासून थर्ड डिव्हिजन नॉर्थ कप नावाची वेगळी स्पर्धा सुरू केली होती. १९३६ मध्ये ती चेस्टरने जिंकली, अंतिम सामन्यात डार्लिंग्टनला हरवून. त्या वर्षीच्या १०० गोलांचं तेवढंच काय ते फळ.

५५-५५ गुण असताना चेस्टर वर आणि ट्रॅनमिअर खाली, कसं?

गोलांच्या सरासरीवर. आज केलेल्या गोलांतून खाल्लेले वजा करतात, तेव्हा भागाकार करत. चेस्टर १०० भागिले ४५, म्हणजे २.२२. ट्रॅनमिअर ९३ भागिले ५८, म्हणजे १.६०. भागाकाराच्या पद्धतीत कमी खाण्याला भलतंच महत्त्व येतं. १३-४ ने ट्रॅनमिअरला जिंकल्याचे दोन गुण दिले, पण चार गोल खाल्ल्यामुळे सरासरीत म्हणावा तेवढा फायदा झाला नाही.

तक्त्यात याहून मजेशीर जोडी खाली आहे. यॉर्क सोळावा, हॅलिफॅक्स सतरावा. यॉर्कचे गोल ६२-९५, हॅलिफॅक्सचे ५७-६१. एकाची तूट ३३ ची, दुसऱ्याची फक्त चारची. तरी यॉर्क एका गुणाने वर! यॉर्कने चेस्टरमध्ये बारा खाल्ले, पण बारा खाऊनही एकच सामना गमावला जातो. हॅलिफॅक्स थोडक्यात हरत राहिला, वीसदा. वॉल्सॉलचंही तसंच, ७९-५९ असा वीसचा फायदा आणि क्रमांक दहावा.

तळाच्या संघांचं काय व्हायचं? खाली कुठे जायचे?

खाली जायला डिव्हिजन नव्हती, होती ती पुनर्निवड. शेवटच्या दोन क्लबांनी लीगच्या वार्षिक सभेत हात जोडून उभं राहायचं, बाहेरच्या अर्जदारांबरोबर मतदानाला सामोरं जायचं. मतं मुख्यत्वे फर्स्ट आणि सेकंड डिव्हिजनच्या हातात. थर्ड डिव्हिजनचे क्लब हे सहसदस्य, त्यांना प्रत्येकी मत नव्हतं.

त्या वर्षी तळाला साउथपोर्ट ३१ गुणांवर आणि न्यू ब्रायटन २४ वर. न्यू ब्रायटनने ४२ पैकी २७ सामने गमावले. दोघेही निवडून आले. एकंदरीत ओळखीच्याला सांभाळून घेण्याकडे कल असे. पण हे नेहमीच घडत नसे. याच विभागातून डरहॅम सिटी १९२८ मध्ये गेला, ॲशिंग्टन १९२९ मध्ये, आणि १९२२-२३ चा विजेता नेल्सन अवघ्या आठ वर्षांनी १९३१ मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरात विगन बरोने तर कर्जापायी चालू हंगामातच राजीनामा दिला आणि त्यांचे सगळे निकाल तक्त्यातून पुसावे लागले.

‘पूल्स वॉर’ म्हणजे काय? तेही याच हंगामातलं का?

हो, आणि तीनही डिव्हिजनना बसलेला हा दणका होता.

फुटबॉल पूल्स म्हणजे सामन्यांच्या निकालांवरचा सट्टा. छापील कूपन घरी यायचं, त्यावर येत्या शनिवारचे सामने असायचे, कोण जिंकेल किंवा कुठे बरोबरी होईल यावर खुणा करून टपालाने परत पाठवायचं. आपल्याकडे मटक्याचा आकडा जसा चाळीत, गिरणीत आणि पानाच्या ठेल्यावर पोचला तसंच हे, फक्त पोस्टाच्या शिक्क्यानिशी आणि राजरोस. सर्वांत मोठी कंपनी लिटलवूड्स, लिव्हरपूलची. लाखो घरांत दर आठवड्याला कूपन भरलं जाई. मैदानावर कधीही न गेलेल्या बायाबापड्यांनाही ॲक्रिंग्टन आणि हार्टलपूल्स ही नावं तोंडपाठ झाली ती कूपनामुळे.

फुटबॉल लीगच्या धुरीणांना हे सलत होतं. एक म्हणजे जुगार. दुसरं, आणि माझ्या मते जास्त खरं कारण, आमच्या सामन्यांवर पैसा कमावता आणि आम्हाला दमडी नाही. यात पुढे होते चार्ल्स सटक्लिफ, लँकेशरमधल्या रॉटनस्टॉलचे वकील, लीगचं वेळापत्रक तयार करणारे गृहस्थ. फेब्रुवारी १९३६ मध्ये लीगने चाल खेळली: जाहीर झालेलं वेळापत्रक रद्द. कोणाचा सामना कोणाशी हे ऐन वेळी क्लबांना कळवायचं, म्हणजे पूल्सवाल्यांना कूपन छापायला वेळच मिळणार नाही.

२९ फेब्रुवारी आणि ७ मार्च, असे दोन शनिवार हा खेळ चालला. पूल्सवाल्यांना सामने कळायचे ते कळलेच. न कळलेला राहिला तो प्रेक्षक. आपल्या मैदानावर कोण येणार हेच माहीत नाही, तर माणूस कशाला निघेल? गर्दी घटली. मोठ्या क्लबांनी ते सोसलंही असतं, थर्ड डिव्हिजनवाल्यांच्या पोटावरच पाय आला. क्लबांनी आरडाओरडा केला आणि लीगला माघार घ्यावी लागली. एप्रिलमध्ये पूल्सवर बंदी घालणारं विधेयक संसदेत आलं, तेही मोठ्या फरकाने आपटलं.

या धुमश्चक्रीतच मार्चमध्ये लीगचे अध्यक्ष जॉन मॅकेना वारले आणि त्यांच्या जागी सटक्लिफच आले. वेळापत्रकावर लीगचा मालकी हक्क न्यायालयाने मान्य केला तो १९५९ मध्ये. मग पूल्स कंपन्या पैसे देऊ लागल्या आणि जुगाराबद्दलची नैतिक चीड हळूच मावळली.

खेळाडूंना पैसे किती मिळायचे?

१९२२ पासून कमाल पगाराची मर्यादा होती. मोसमात आठवड्याला ८ पौंड, उन्हाळ्यात ६. डिक्सी डीनलाही तेवढेच. थर्ड डिव्हिजन नॉर्थमध्ये पुष्कळांना त्याहून कमी. तरी खाणीतल्या किंवा गिरणीतल्या मजुरीपेक्षा बरंच म्हणायचं. अडचण सुटण्यात होती. नोंदणी क्लबाच्या हातात असे, त्यामुळे करार संपला तरी क्लबाने सोडल्याशिवाय दुसरीकडे खेळता येत नसे.

मंदी आणि गिरण्यांचा या लीगशी काय संबंध?

थेट संबंध आहे, आणि मराठी वाचकाला तर तो जवळचा वाटावा. ओल्डहॅम आणि रॉचडेल ही सूतगिरण्यांची गावं. ॲक्रिंग्टन, नेल्सन, ब्लॅकबर्न हा विणकामाचा पट्टा. ब्लॅकबर्नच्या मागांवर तर हिंदुस्थानासाठी धोतरं निघत. पहिल्या महायुद्धानंतर ही बाजारपेठ आटत गेली. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांचं कापड, जपानी माल, वाढती आयातजकात, आणि १९३० च्या सुमाराचा विलायती कापडावरचा बहिष्कार. गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी सप्टेंबर १९३१ मध्ये लँकेशरमध्ये डार्वेनला जाऊन गिरणी कामगारांना भेटले ते याच संदर्भात.

गिरणगावातला भोंगा बंद पडला की कोपऱ्यावरच्या हॉटेलापासून भजनी मंडळापर्यंत सगळ्यांच्या हिशेबाला कात्री लागते, हे परळ-लालबागला सांगायला नको. लँकेशरमध्ये ती कात्री फुटबॉल क्लबालाही लागली. प्रवेश किमान एक शिलिंग, आणि घरात बेकारभत्त्यावर चूल. नेल्सन क्लब लीगबाहेर गेला त्याच वर्षी गांधीजी तिथून काही मैलांवर होते. एकामुळे दुसरं घडलं असा दावा मी करणार नाही, क्लब मैदानावरही वाईटच खेळत होता. पण दोन्हीमागचा काळ तोच. १९३६ मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स फर्स्ट डिव्हिजनमधून इतिहासात पहिल्यांदा खाली आला, ॲस्टन व्हिलाच्या जोडीने. लीगच्या १८८८ च्या संस्थापकांपैकी हे दोघं.

ईशान्येची दुखणी वेगळी. तिथे जहाजबांधणी बसली होती. गेट्सहेडपासून जवळच असलेल्या जॅरोमधून सुमारे २०० जण ऑक्टोबर १९३६ मध्ये काम मागायला लंडनपर्यंत चालत गेले.

याच गिरण्यांच्या मुलखात, मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर, हंगाम संपून तीन महिने होत असताना मुंबईच्या विजय मर्चंट यांनी मुश्ताक अलींबरोबर २०३ धावांची सलामी दिली. ते क्रिकेट, त्यामुळे इथे एवढंच.

१९३६ नंतर वॉल्सॉल या विभागातून गायब का?

कारण त्याला दक्षिणेत ढकललं. सेकंड डिव्हिजनमधून त्या वर्षी पोर्ट व्हेल आणि हल सिटी उतरले, दोघंही उत्तरेचे. नॉर्थमधून वर गेला एक, आले दोन. संख्या २२ ठेवायची तर एकाला हलवणं भाग, आणि बर्मिंगहॅमजवळचा वॉल्सॉल हा अशा वेळी हमखास सापडणारा. १९२७ मध्ये तो साउथला गेला होता, १९३१ मध्ये नॉर्थला परतला, १९३६ मध्ये पुन्हा साउथला. जानेवारी १९३३ मध्ये एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेत आर्सेनलला २-० असं चीत करणारा वॉल्सॉल तो हाच. पुढच्याच वर्षी मॅन्सफिल्डचीही अशीच रवानगी झाली, ५५ गोलांचा हार्स्टन गाजवून गेला त्या मोसमानंतर.

चेस्टरफिल्डचं पुढे काय झालं?

चांगलं झालं. १९३१ मध्येही हाच विभाग जिंकून ते वर गेले होते, पण दोनच वर्षांत परत आले. या खेपेला मात्र १९५१ पर्यंत सेकंड डिव्हिजनमध्ये टिकले, आणि १९४६-४७ मध्ये तिथे चौथे आले. ट्रॅनमिअरचं उलटं. पाँगो वेअरिंगला परत आणून त्यांनी १९३७-३८ मध्ये हा विभाग जिंकला, सेकंड डिव्हिजनमध्ये गेले आणि ४२ सामन्यांत फक्त १७ गुण घेऊन एका वर्षात माघारी आले.

त्या २२ पैकी आज कोण कुठे?

न्यू ब्रायटनला शेवटी १९५१ मध्ये मतदानात बाहेर काढलं. गेट्सहेड १९६० मध्ये गेला. ॲक्रिंग्टन स्टॅनलीने १९६२ मध्ये कर्जापायी स्वतःच राजीनामा दिला, १९६८ मध्ये त्याच नावाने नवा क्लब निघाला आणि २००६ मध्ये लीगमध्ये पोचला. बॅरो १९७२ मध्ये गेला, तब्बल ४८ वर्षांनी २०२० मध्ये परतला. साउथपोर्ट १९७८ मध्ये गेला तो गेलाच. बारा गोल मारणारा चेस्टर सिटी २०१० मध्ये दिवाळखोरीत बंद पडला, चाहत्यांनी चेस्टर एफसी नावाने नवा क्लब काढला. सीलंड रोडचं मैदान त्याआधीच, १९९० मध्ये, सुटलं होतं. ओल्डहॅम प्रीमियर लीग खेळून, मग २०२२ मध्ये थेट लीगबाहेर पडून, २०२५ मध्ये परत आला. ट्रॅनमिअर अजूनही प्रेंटन पार्कवरच खेळतो.